पडदा ओढल्यानंतरचा उजेड

मे महिन्यात दोन दिवस आत्याकडे भातसानगरला गेले होते. भातसा धरणाच्या कामामुळे वसलेली ही शहापूर तालुक्यातली वसाहत. मुंबईच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा इथून निघतो. आत्याचं घर वसाहतीच्या जरा बाहेर, रस्त्याला लागून आहे. पूर्वी कौलारू होतं, काही वर्षांपूर्वी ते पाडून स्लॅबचं केलं. माझ्या पिशवीत लक्समीटर असतोच (पीएचडीला लागल्यापासून तो मी मोबाइलपेक्षा जास्त जपते), म्हणून म्हटलं, बसल्या बसल्या पुढच्या खोलीतला उजेड मोजून घेऊ.

खिडकी चांगली चार फुटी, स्लायडिंगची. मी मीटर लादीवर ठेवला आणि आकडा स्थिर व्हायची वाट बघत बसले. तेवढ्यात आत्या सूप घेऊन आली आणि काही न बोलता तिनं पडदा ओढला. मीटरवरचा आकडा तीन अंकांवरून दोन अंकांवर आला.

"आत्या, अगं मी मोजतेय ना!"

"मोज की. पण समोर माणसं बसलीत. मला तांदूळ निवडायचेत." असं म्हणून तिनं ट्यूब लावली. दुपारचे साडेबारा वाजले होते. बाहेर बघवत नव्हतं एवढं ऊन.

वहीत कुठला आकडा लिहायचा, हा प्रश्न मला तिथे पहिल्यांदा खरोखर पडला. माझ्या विषयाच्या पद्धतीप्रमाणे पहिला. पडदा म्हणजे सामान, फर्निचरसारखं. इमारतीचा गुण खिडकीवरून ठरतो. पण त्या खोलीत आत्या दिवसातले सात-आठ तास ज्या उजेडात असते तो दुसरा आकडा आहे. पहिल्या आकड्यातला उजेड त्या घरात कुणीच वापरत नाही. माझी आतेबहीण यंदा बारावीला आहे. तिला विचारलं तर म्हणाली, "मी पडदा लावूनच बसते, नाहीतर जाणारा-येणारा वाकून बघतो काय वाचतेय ते." म्हणजे वर्षभर भर दिवसा ट्यूबखाली अभ्यास.

ज्या मापांवर आमचा विषय उभा आहे, त्यांच्यावर आज जरा टीका करायची आहे. आधी ती मापं काय आहेत ते सांगते.

भारतात दिवसाच्या उजेडाचं मूळ मानक म्हणजे आयएस २४४०, १९७५ ची आवृत्ती. त्यात 'डेलाइट फॅक्टर' नावाची कल्पना वापरतात. बाहेर मोकळ्या आभाळाखाली जेवढा उजेड आहे, त्यातला किती टक्के आतल्या एका ठिकाणी पोचतो, ते गुणोत्तर. बाहेरचा उजेड ८००० लक्स धरायचा. हा आकडा मुद्दाम कमी घेतलेला आहे: निरभ्र आभाळ, सूर्य क्षितिजापासून फक्त १५ अंश वर, आणि थेट ऊन जमेस धरायचं नाही. मग बैठकीच्या खोलीला ०.६२५ टक्के, म्हणजे ५० लक्स. स्वयंपाकघराला २.५ टक्के, म्हणजे २०० लक्स. अभ्यासाच्या खोलीला १.९ टक्के, म्हणजे साधारण १५० लक्स. मला हे मानक आवडतं. गरीब देशानं आपलं आभाळ स्वतः मोजून बनवलेलं आहे, युरोपचं ढगाळ आभाळ उसनं घेतलेलं नाही.

यापेक्षा सोपा नियम राष्ट्रीय इमारत संहितेत आहे: खिडक्यांचं क्षेत्रफळ जमिनीच्या क्षेत्रफळाच्या अमुक इतकं हवं. २००५ च्या संहितेत उष्ण-कोरड्या हवामानात एक-दशांश, आपल्यासारख्या उष्ण-दमट हवामानात एक-षष्ठांश. २०१८ च्या इको-निवास संहितेतही उष्ण-दमट भागासाठी तोच एक-षष्ठांश टक्क्यांत लिहून आला आहे, १६.६६ टक्के. तिथे फक्त उघडणारा भाग मोजतात आणि दोन पल्ल्यांची स्लायडिंग खिडकी निम्मीच उघडते हेसुद्धा धरतात. हे शहाणपणाचं आहे. मात्र ही संहिता ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतलं ग्रामीण घरकुल असतं किमान २५ चौरस मीटरचं, आणि सपाट भागात त्याला मूळ मदत एक लाख वीस हजारांची. त्या पैशात खिडकी कशी निवडली जाते? दुकानात तयार मिळते तीच, हाताला येईल त्या उंचीवर.

या सगळ्या नियमांनी एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: खिडकी ठेवली की ती उघडी राहील.

परदेशी मानकं जास्त बारकाईची असतात, म्हणून तिकडे आशेनं पाहिलं. युरोपचं ईएन १७०३७ हे २०१८ चं मानक चार गोष्टी मागतं: पुरेसा उजेड, बाहेरचं दृश्य, काही तास थेट ऊन, आणि डोळे दिपण्यापासून बचाव. दृश्याचा भाग तर फारच छान आहे. खिडकीतून आभाळ दिसलं पाहिजे, दूरचा परिसर दिसला पाहिजे, जमीन दिसली पाहिजे. पण जिथून मला जमीन दिसते तिथून जमिनीवरच्या माणसाला मी दिसते, ही साधी भूमिती त्या चारांत कुठेच नाही. शिवाय उजेड मोजायची पातळी जमिनीपासून ८५ सेंटिमीटर. टेबलाची उंची. आत्या सूप घेऊन मांडी घालून बसते, तिचं टेबल लादीच्या पातळीवर आहे.

अमेरिकेतल्या प्रकाश-अभियंत्यांच्या संस्थेची २०१२ ची एलएम-८३ ही पद्धत पडदे धरते. तिथे मला वाटलं, सापडलं! त्या पद्धतीत वर्षभराचं सिम्युलेशन चालतं, सकाळी ८ ते संध्याकाळी ६, आणि खोलीतल्या दोन टक्क्यांहून जास्त बिंदूंवर थेट ऊन पडलं की संगणक पडदा बंद करतो. ऊन हललं की उघडतो. म्हणजे पडदा उन्हामुळे बंद होतो. माणसामुळे पडदा बंद होणं ही घटना त्या मॉडेलमध्ये घडतच नाही. ऑफिससाठी केलेली पद्धत आहे, तिथे ते चालून जातं. पण आम्ही तीच घरांना लावतो. "आम्ही" म्हणजे मीसुद्धा, माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात हेच केलेलं आहे आणि आता ते मला खुपतंय.

मराठीत यासाठी नेमका शब्द आहे, आडोसा. 'गोपनीयता' म्हटलं की कागदपत्रं आणि पासवर्ड आठवतात. आडोसा म्हणजे कुणी बघत नाहीये या खात्रीनं पाय पसरून बसता येणं, पदर खांद्यावरून घसरला तरी न दचकणं. आमच्या मानकांत प्रकाश आहे, वारा आहे, दृश्य आहे. आडोशाला कॉलमच नाही.

आत्याच्या जुन्या कौलारू घराला तो होता का? होता. मला त्या घराचं उगाच कौतुक करायचं नाही. माजघर अंधारं होतं, चुलीच्या धुरानं आजी आयुष्यभर खोकत राहिली. पण त्या घराला एक गोष्ट जमली होती आणि ती मला आत्ता, भौतिकशास्त्र शिकल्यावर, कळतेय. त्यात उजेडाची वाट आणि नजरेची वाट वेगवेगळी होती.

चुलीच्या वर एक काचेचं कौल होतं. त्यातून पडणारा कवडसा दिवसभर जमिनीवरून सरकायचा आणि आजी त्यावरून वेळ सांगायची. छपरातल्या भोकाला आभाळाचा जवळजवळ सगळा घुमट दिसतो. उभ्या भिंतीतल्या खिडकीला फार तर अर्धा, आणि समोर दुसरं घर असेल तर त्याहूनही कमी. त्यामुळे वीतभर काच आपल्या आकाराच्या मानानं खूप उजेड देते. पावसाळ्यात तर जास्तच. पूर्ण ढगाळ आभाळ डोक्यावर सर्वात तेजस्वी असतं, क्षितिजाजवळच्या जवळजवळ तिप्पट. हे गणित १९४२ मध्ये मून आणि स्पेन्सर यांनी मांडलं आणि आजही जगभर वापरतात. जून ते सप्टेंबर शहापूर-मुरबाडकडे जे आभाळ असतं ते बरंचसं याच जातीचं. आणि छपरातून कुणी बघत नाही.

त्याहून गमतीदार म्हणजे कूड. कारवीच्या काठ्या उभ्या लावायच्या, कामट्यांनी आवळायच्या, वर शेणमातीचा लेप. वळचणीजवळचा वरचा भाग बहुतेक वेळा न लिंपता सोडलेला असतो. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी, सगळ्यांच्या जुन्या घरांत हा प्रकार दिसतो. न लिंपलेल्या कुडाच्या फटींतून आतल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला आतलं दिसत नाही. लहानपणी मला ती जादू वाटायची. ती जादू नाही, दोन बाजूंच्या उजेडातला फरक आहे.

डासांच्या पांढऱ्या जाळीवर हिशेब करून दाखवते. समजा जाळी निम्मी मोकळी, निम्मा धागा. बाहेरच्या बाजूवर ८००० लक्स उजेड पडतोय, आत खोलीत ५०. बाहेर उभ्या माणसाच्या डोळ्यात दोन गोष्टी मिसळून येतात: उन्हाळलेल्या धाग्यांचं तेज आणि भोकांतून येणारं आतल्या भिंतीचं तेज. धागा पडलेल्या उजेडाचा ७० टक्के भाग परत टाकतो आणि आतली भिंत ५० टक्के, असं धरलं तर धाग्यांचं तेज आतल्या दृश्याच्या दोनशेपटींहून जास्त निघतं. दोनशे वीस भाग चकाकीत एक भाग आत्या. माणसाच्या डोळ्याला फरक ओळखायला साधारण शंभरात एक-दोन इतकं तरी अंतर लागतं. इथे शंभरात अर्धासुद्धा नाही. म्हणून ती दिसत नाही. आतून मात्र उलट: धाग्यांची आतली बाजू अंधारी, बाहेरचं दृश्य लख्ख, म्हणून तिला सगळं दिसतं.

आता संध्याकाळी सात वाजता ट्यूब लावा. आत १०० लक्स, बाहेर रस्त्यावर दोन-तीन. सगळा हिशेब उलटला. तीच जाळी, तोच धागा, आणि आतलं घर नाटकाच्या रंगमंचासारखं उजळलेलं. हल्ली खिडक्यांना आरशासारखी चमकणारी काच लावतात, तिचंही हेच आहे. दिवसा आरसा, रात्री शोकेस. आणि भर दुपारी पडदा ओढून ट्यूब लावणं म्हणजे या फरकाचा फुकट मिळणारा फायदा आपणच थोडा कमी करणं. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "जाळी काळी आहे ना आपली." बरोबर आहे. काळा धागा चमकत नाही, त्यातून आतलं सहज दिसतं. दुकानदार काळी किंवा राखाडी जाळीच देतो, कारण तिच्यातून बाहेरचं स्पष्ट दिसतं आणि ती मळखाऊ असते. आडोशाचा विचार केला तर पांढरी घ्यावी. एवढी साधी गोष्ट, पण कुठल्याही मानकात मला ती वाचल्याचं आठवत नाही.

परसातली नहाणी तर या विचाराचं टोक होतं. चारी बाजूंनी कूड, वर काही नाही. उजेड शंभर टक्के, नजर शून्य. सर्वात जास्त डेलाइट फॅक्टर असलेली घरातली जागा बहुधा तीच!

स्लॅब आला आणि हे सगळं गेलं. स्लॅब वाईट असं म्हणायचं नाही. दर पावसाळ्याआधी कौलं चाळायला माणूस शोधत फिरण्याचे दिवस आत्याला परत नको आहेत, आणि ती म्हणते त्यात तथ्य आहे. पण स्लॅबला काचेचं कौल बसत नाही. भोक ठेवा म्हटलं तर गवंडी हात जोडतो, कारण जुलैमध्ये गळायला लागलं की बोलणी त्यालाच बसतात. वळचणीची फट बुजली. आता उजेड, वारा आणि नजर या तिघांना एकच दार उरलं, रस्त्याकडच्या भिंतीतली ती चार फुटी खिडकी. आणि आमची संहिता विचारते, खिडकी जमिनीच्या एक-षष्ठांश आहे ना?

यात जोत्याची एक गोष्ट आहे, ती कुणाच्या फारशी लक्षात येत नाही. रस्त्यानं चालणाऱ्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण १५० सेंटिमीटरवर असतो. घराचं जोतं दोन फूट, म्हणजे ६० सेंटिमीटर. त्यावर खिडकीची खालची कड ९० सेंटिमीटरवर. बेरीज १५०. म्हणजे त्या माणसाची नजर खिडकीच्या कडेवरून सरळ आडवी आत जाते, आतल्या लादीपासून ९० सेंटिमीटर उंचीवरून. मांडी घालून बसलेल्या बाईचं डोकं पाऊणएक मीटरवर असतं. ती त्या नजरेच्या खाली राहते. जुन्या गवंड्यांनी हे मोजलं होतं की पाण्यासाठी जोतं उंच घेताना आपोआप जमून गेलं, देव जाणे, पण हिशेब चोख आहे.

मग रस्त्याचं काँक्रिटीकरण झालं. जुना रस्ता न खोदता त्यावरच नवा थर, पुढे कधीतरी आणखी एक. समजा मिळून रस्ता एक फूट वर आला. आता जाणाऱ्याचा डोळा खिडकीच्या कडेपेक्षा ३० सेंटिमीटर वर आहे. तो खिडकीपासून तीन मीटरवर असेल तर त्याची नजर दर मीटरला १० सेंटिमीटर खाली उतरत आत येते. खिडकीपासून दोन मीटर आत ती ७० सेंटिमीटरवर पोचते. म्हणजे बरोबर आत्याच्या चेहऱ्यावर. खिडकी तीच, घर तेच, डेलाइट फॅक्टर तोच. फक्त रस्ता एक फूट चढला आणि खोलीतला दिवसाचा उजेड संपला, कारण पडदा कायमचा बंद झाला. घराच्या नकाशात ही गोष्ट कधीच दिसणार नाही.

आमच्या प्रयोगशाळेत हे बोलले तेव्हा एक हरकत लगेच आली: आडोसा ही सवयीची, संस्कृतीची बाब आहे, ती विज्ञानात कशी आणायची? हॉलंडमध्ये लोक पडदे न लावता राहतात ना? हरकत अगदीच फालतू नाही. आत्या साठीची आहे, तिचा संकोच आणि माझा संकोच सारखा नाही, आणि बाईनं कायम आडोशाला राहावं असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण 'पुरेसा उजेड' ही तरी कुठे निव्वळ भौतिकशास्त्राची गोष्ट आहे? बैठकीच्या खोलीला ५० लक्स पुरे, हे कुणीतरी माणसांच्या सवयी बघूनच ठरवलं आहे. आणि पडदा बंद होणं ही दिसणारी, मोजता येणारी घटना आहे. संकोच योग्य की अयोग्य हे आत्या ठरवेल. पडदा किती तास बंद होता, हे मी मोजू शकते.

शिवाय कायद्याला हे फार पूर्वी सुचलं होतं. १८८२ चा भारतीय सुविधाधिकार कायदा, ज्याला सगळे इझमेंट ॲक्ट म्हणतात, १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला. त्याच्या १५ व्या कलमात उजेडाचा हक्क आहे: वीस वर्षं अखंड, कुणाच्या अडथळ्याविना खिडकीतून उजेड येत असेल तर शेजारी तो अडवू शकत नाही. आणि तीनच कलमं पुढे, १८ व्या कलमाखाली, एक उदाहरण दिलंय: एखाद्या गावात तशी रूढी असेल तर शेजाऱ्याच्या घरातल्या खासगी भागावर नजर पडेल अशी नवी खिडकी काढता येणार नाही. १८८८ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं 'गोकल प्रसाद विरुद्ध राधो' या खटल्यात, शेजारच्या नव्या बांधकामातून घरातल्या बायकांच्या भागावर नजर पडते या तक्रारीवर, अशी रूढी मान्य केली. त्यामागची पडद्याची चाल आज कुणाला नको वाटेल, मलाही वाटते. पण उजेड आणि नजर ही एकाच खिडकीची दोन कामं आहेत, हे त्या कायद्याला कळत होतं.

अभियांत्रिकीनं त्यातला फक्त उजेड उचलला. त्याचं कारणही मोठं होतं. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला आणि अंधाऱ्या, कोंदट खोल्या हा रोगाचा प्रश्न ठरला. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम लावून धरला, १९१२ मध्ये मुंबईतल्या घरांतल्या उजेड-वाऱ्यावर व्याख्यानही दिलं. नियम सोपा आहे: इमारत जेवढी उंच, तिच्या निम्मं तरी अंतर समोर मोकळं सोडा. त्या काळी माणसं मरत होती, आडोशाचा विचार कोण करणार? पण आडोसा सोडून दिला की उजेडही हातात राहत नाही. समोरासमोर तीन-चार मीटरवर दोन खिडक्या आल्या की दोन्ही बंद होतात. नियमानं जेवढा उजेड दिला तेवढा पडद्यानं परत घेतला.

हे जमवण्याचा एक मनापासूनचा प्रयत्न आपल्याजवळच झालाय. १९८३ ते १९८६ च्या दरम्यान चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूरला जी वसाहत केली, तिथे सात-सात घरांचे पुंजके आहेत, मध्ये आठ मीटर लांबीरुंदीचं अंगण. भूखंड अवघे ४५ ते ७५ चौरस मीटरचे, तरी घरांची भिंत सामाईक नाही आणि प्रत्येक घराला स्वतःचं उघडं आभाळ. उजेड अंगणातून आणि वरून घ्यायचा, शेजाऱ्याकडे शक्यतो कोरी भिंत करायची. कागदावर मला याहून चांगलं उत्तर माहीत नाही. पण तिथली बरीच घरं पुढे मालकांनी पाडून उंच बांधली. एकानं मजला चढवला की शेजाऱ्याच्या अंगणातला आडोसा गेला, मग तोही अंगण झाकून टाकणार. वरून येणारा उजेड निर्धास्त असतो तो सगळी घरं बैठी असेपर्यंतच. ही अट आमच्या कौलारू घरालाही होती, फक्त तेव्हा ती मोडायला कुणाकडे पैसे नव्हते.

मग माझ्या वहीचं काय केलं? दोन्ही आकडे लिहिले. एक उघड्या खिडकीचा, एक पडद्यासकटचा, आणि शेजारी पडदा दिवसातून किती वेळ बंद असतो तो रकाना. प्रबंधात हे असंच घालणार आहे. मार्गदर्शक म्हणाले, "परीक्षक विचारतील, याला संदर्भ काय?" बघू.

आत्याच्या खोलीसाठी तात्पुरता उपाय निघाला तो अर्ध्या पडद्याचा, जुन्या शाळांच्या स्टाफरूममध्ये असायचा तसला. खिडकीची चौकट लादीपासून ९० ते २१० सेंटिमीटर. बरोबर मध्ये, १५० वर, स्प्रिंगची तार टाकली आणि पडदा फक्त खालच्या अर्ध्याला. रस्त्यावरच्या माणसाचा डोळा, रस्ता चढल्यानंतरही, आतल्या लादीच्या हिशेबानं १२० सेंटिमीटरवर येतो. पडद्यावरून त्याला दिसलंच तर आमचं छत आणि पंखा दिसेल. आणि आत्या बसते तिथे, खिडकीपासून दोन मीटरवर, खालचा आणि वरचा अर्धा जवळपास सारखाच उजेड देतात, म्हणजे निम्मा उजेड वाचला. ट्यूब बंद करून आत्यानं तांदळातला एक खडा वेचून मला दाखवला, जणू परीक्षाच घेतली. आतेबहीण पुस्तक घेऊन तिथेच येऊन बसली.

निघताना आत्या ओट्यावर उभी राहिली आणि समोरच्या घराकडे बोट दाखवलं. त्यांच्या स्लॅबवर कॉलमच्या सळया वर निघालेल्या होत्या, टोकांना प्लास्टिकच्या बाटल्या अडकवलेल्या.

"दिवाळीनंतर वरचा मजला घेणारेत. गॅलरी इकडेच काढणार म्हणतात."

आसनगावच्या गाडीत बसल्यावर वहीच्या मागच्या पानावर हिशेब केला. रस्ता धरून समोरचं घर सहा मीटरवर. एक मजला चढला तर आत्या बसते तिथून खिडकीच्या खालच्या अर्ध्यातून आभाळ दिसणारच नाही, फक्त त्यांची भिंत. सगळं आभाळ वरच्या अर्ध्यात उरेल. आणि गॅलरीत उभ्या माणसाला आत्या दिसेल तीही त्याच वरच्या अर्ध्यातून.